उभी चढण

कुरामोची काकांनी निवृत्त झाल्यावर घरच्या लेथवर एक इंजिन बनवलं. मुठीत मावेल एवढं, मॉडेल विमानाचं. काकूंच्या मते त्याला जेवढं न्हाऊमाखू घातलं गेलं, तेवढं त्यांच्या दोन्ही मुलांना मिळूनही घातलं गेलं नाही. मुलं तरी मार्गी लागली. इंजिन लागेना.

जमिनीवर ते झकास गुरगुरायचं. आडवं उडतानाही झकास. पण विमानाचं नाक आकाशाकडे वळलं की सासरे समोर आल्यासारखा त्याचा आवाज बारीक व्हायचा. काका ते काढून घरी नेत आणि बाकावर बांधून चालवत. तिथे ते ठणठणीत. तरी त्यांनी प्लग बदलला, इंधन कमीजास्त करणारी सुई फिरवली, ताजं इंधन आणलं, सायलेन्सर खरवडला. पुढच्या रविवारी नदीपात्रातल्या आमच्या क्लबच्या धावपट्टीवर परत तेच, आणि दरवेळी थोडं जास्तच.

आज पैलतीरावरचा क्लब पाहुणा म्हणून आला होता. त्यांची सगळी विमानं बॅटरीवरची. उडताना डासाएवढाच आवाज.

"आज यांच्यासमोर गळपटलं ना," काका म्हणाले, "तर पुन्हा उडवणार नाही. बायकोच्या लोणच्यावर वजन म्हणून बसेल कायमचं."

"लोणचं नासेल रे," आमचे अध्यक्ष उबुकाता म्हणाले. त्यांचं धीर देणं हे असं असतं.

मी म्हणालो, "काका, बाकावर चालतं आणि विमानात चालत नाही. म्हणजे विमानातच बघायला हवं ना?"

"विमान विकतचं आहे. विकतच्या वस्तूत मी काय बघू?"

इतके दिवस त्यांनी विमानाच्या पोटात डोकावलंच नव्हतं. मी झाकण काढलं. टाकी पंखाखाली, तिथून इंधनाची नळी पुढे इंजिनाकडे. आणि नळीच्या वर, दाटीवाटीने, देवळातले ताईत. जरीचे, गोंड्याचे, मूठभर. नाक वर केलं की सगळे घसरून टाकीला चिकटत आणि नळी चिमटीत धरत. इंजिनाला घोटभर इंधन मिळेना.

क्लबातले सगळे एकदम ढगांचा अभ्यास करू लागले.

"हा प्रवासाचा," मी एकेक बाहेर काढत म्हणालो. "हा परीक्षेचा. हा सुखरूप बाळंतपणाचा."

"घरात तेवढाच होता," उबुकाता म्हणाले. "सुनेच्या वेळचा."

"लागू पडला होता का?"

"जुळी झाली."

हिशेब सरळ होता. इंजिन दमलं की कुणीतरी गुपचूप एक ताईत सरकवायचं, त्यामुळे पुढच्या रविवारी ते जास्त दमायचं, त्यामुळे आणखी एक. काकांनी एकेक ताईत बोटांत धरून त्याची जाडी पाहिली. मला वाटलं, आता चिडतील.

"गाढवांनो," ते म्हणाले. "निदान पातळ तरी आणायचे."

ताईत असे जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणून ज्याचा त्याने गळ्यात घातला. बाळंतपणाचा ताईत घालून अध्यक्षांनी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. पाहुण्यांनी शिष्टाचार म्हणून काही विचारलं नाही.

विमान सुटलं. धावपट्टीच्या टोकाला काकांनी नाक उचललं, सरळ उभं. आम्ही श्वास रोखला. आवाज बारीक झाला नाही. वर, आणखी वर, इंधनातल्या एरंडेल तेलाच्या धुराची पांढरी रेघ ओढत ते एकाच सुरात चढत गेलं. पाहुण्यांच्या माना मागे कलत गेल्या, एकाची टोपी पडली, ती त्याने उचलली नाही.

विमान उतरल्यावर त्यांचे म्होरके धावतच आले. "हे इंजिन कुणाचं?"

"आमचं," आम्ही सगळे एकसुरात म्हणालो. आमच्यातल्या एकानेही त्याचा एक स्क्रूसुद्धा पिळला नव्हता.

काका गरम इंजिन पुसत होते. वर न बघता म्हणाले, "हो, यांचंच. मी फक्त बनवलं."