मावशीची सुटका

नट हा कुणा एका गावाचा नसतो. तो अखिल मानवजातीचा असतो.

हे वाक्य हरिश्चंद्र मांडवकर यांनी चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात राजापूरच्या एस. टी. स्टँडवर, उजवा हात आभाळाकडे नेऊन उच्चारलं. कंडक्टरने मान डोलावली आणि विचारलं, "बरोबर आहे. पण उतरणार कुठं?"

उतरायचं आमच्याच गावी होतं. दुसरीकडे कुठे उतरता येत नाही, हेच तर हरीचं दुःख होतं.

हरी तेवीस वर्षं मुंबईत होता. दिवसा म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात मीटर वाचायचा आणि संध्याकाळी नट व्हायचा. रंगभूमीवर त्याने तीन नोकर आणि दोन वकील केले. एका नाटकाच्या चारशे प्रयोगांत तो दाराआडचा आवाज होता. पडद्यावर एकदा पोस्टमन झाला, एकदा प्रेत. प्रेत इतकं जिवंत वठलं की दिग्दर्शकाने पुढच्या चित्रपटातही त्याला प्रेतच दिलं. आणि आता, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला नायिकेचा बाप मिळाला होता. चार प्रसंग, आणि चारही प्रसंगांत जिवंत. शूटिंग नेमकं पालखी निघण्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. आला नाहीस तर दुसरा बाप तयार आहे, असं प्रॉडक्शनवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं.

पालखीच्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे देवीसमोर नमनाचा खेळ होतो. त्यात गौळणी दूध विकायला निघतात, कृष्ण आडवा येतो, आणि गौळणींची म्हातारी मावशी त्याची हजेरी घेते. ही मावशी म्हणजे नमनाचा जीव. लोक देवीला नारळ देतात आणि मावशीला बघायला बसतात. गेली पंचवीस वर्षं, एक साल सोडलं तर, मावशी हरीच.

त्याला कारण त्याची आई सखू. हरी जन्मला तेव्हा रडलाच नाही. (ही उणीव त्याने पुढे रंगभूमीवर भरून काढली.) सखूने देवीला नवस केला, पोर रडू दे, पाय चालतील तोवर तुझ्या नमनात मावशी होऊन नाचेल. पोर रडलं. शहात्तर साली पाणीखात्याने रजा दिली नाही म्हणून हरी आला नाही, तर त्या वर्षी पालखी सखूच्या अंगणात न थांबता पुढे गेली. वर्षातून एकदा घरी येणारी देवी. म्हातारी आरतीचं ताट घेऊन उभी होती, ती दिवा विझेपर्यंत उभीच राहिली. त्यानंतर हरीने शिमगा चुकवला नाही.

म्हणून या वेळी तो आधीच येऊन थडकला आणि गावचे मानकरी गावकर आत्मारामदादांना म्हणाला, "दादा, मला मोकळा करा."

"मोकळा करणारा मी कोण? देवीला विचारू."

पालखीच्या दिवशी सकाळी कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गंगाराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"आये, ह्या तुझ्या लेकराला शिनेमात बापूस केलानी हाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"चार येळा दिसनार हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जित्ता हाय..."

उजवी कळी पडली. टपकन. गाऱ्हाणं अजून अर्धं बाकी होतं. कौलाला कधीकधी दुपार होते; इथे दोन मिनिटं लागली नाहीत.

"सुटलास," आत्मारामदादा म्हणाले.

हरीचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू पडला. देवळाबाहेर येऊन तो मला म्हणाला, "पंचवीस वर्षं नाचलो रे. वाईच विचार तरी करायचा होता तिनं."

आता एवढंच उरलं होतं की सोंग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. आमच्याकडे सोंग टाकून जाता येत नाही. सोडणाऱ्याने नव्याला शिकवायचं, स्वतःच्या हाताने लुगडं नेसवायचं, आणि त्याच्या पाया पडून निघायचं. गावाने महिपतची निवड केली. महिपत अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत चौकीदार. निवडीचं कारण असं की त्याची रजा आठ दिवस शिल्लक होती.

"मिशी काढावी लागेल," हरी म्हणाला.

"मिशीला साहेबांची परवानगी लागेल," महिपत म्हणाला.

मिशी राहिली. मुंबईला जोडणारी गाडी गाठायची तर गावातून साडेपाचची एस. टी. पकडायची, म्हणून आत्मारामदादांनी नमन लवकर, साडेचारलाच उभं केलं. हरीने लुगडं नेसवलं, महिपतच्या पाया पडला, बॅग उचलली आणि गाडीची वाट बघत गर्दीच्या मागे उभा राहिला. सखू पुढच्या रांगेत होती, शेजारी मांडीवरच्या पोराला थोपटत हौसा. सखूने एकदा वळून लेकाकडे बघितलं आणि जा म्हणून मान हलवली.

गौळणी आल्या. कृष्ण झालेला बाबू शिंपी आडवा आला. मृदंगावर थाप पडली आणि मावशी पुढे झाली.

"थांब," महिपत म्हणाला. "कोण आहेस? कुठं जायचंय? पास दाखव."

कुणी हसलं नाही. बाबू गोंधळून म्हणाला, "मी कृष्ण."

"नाव लिहून ठेवतो," मावशी म्हणाली.

पोरं उठून आईसफ्रूटवाल्याकडे गेली. माझ्या शेजारचा बाळा सावंत म्हणाला, "चांगलं करतोय हां." आमच्या गावात हे कुणाच्या कामाबद्दल म्हणाले की त्या माणसाने ते काम सोडावं.

मी हरीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. बॅग एका हातात होती आणि दुसरा हात आपोआप कमरेवर गेला होता.

"काय करतोय हा?" तो पुटपुटला. "अरे, कृष्णाला चढू दे आधी! मावशी पहिल्यांदा भिते, मग भांडते!"

"तू गाडीकडे बघ," मी म्हणालो.

"नुसतं दाखवतो. एकच वाक्य. दाखवलं की निघालो."

तो गर्दीतून आत घुसला. महिपतचं लुगडं त्याने ओढून घेतलं, शर्टपँटवरच गुंडाळलं आणि पदर डोक्यावर घेतला. आधी थरथरत कृष्णाकडे बघितलं. मग वाकला. मग हात कमरेवर गेला आणि मावशी उभी राहिली.

"मेल्या, पंचायतीचा नळ झालायस काय रे तू? दिसतोस रोज, उपयोग काय तुझा?"

असा हशा झाला की आंब्यावरचे कावळे उडाले. आईसफ्रूटवाला गाडीसकट पुढे आला.

एक वाक्य दाखवायचं होतं. हरीने चाळीस दाखवली. महिपत कडेला बसून, सुटका झालेल्या माणसासारखा शांतपणे मिशीवरचा घाम पुसत होता. साडेपाचला एस. टी. आली. ड्रायव्हर ओळखीचा, तो थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रवासी उतरून बघत उभे राहिले. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न दिला.

हरीने ऐकलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्याने नक्की ऐकलं. पाय वळलासुद्धा. पण पदर डोक्यावर होता, हजारभर माणसं पुढे काय म्हणून वाट बघत होती, आणि जीभ पायाच्या आधी हलली.

"ऐकलंस काय गो? घो बोलवतोय माझा! ओरडू दे मेल्याला, लग्नापासून तेवढंच करतोय!"

लोक लोळले. ड्रायव्हरही हसला. पुन्हा एकदा हॉर्न दिला, त्यालाही लोक हसले. मग त्याने घड्याळ बघितलं, कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी लाल धूळ उडवत वळणावर गेली.

हशा ओसरला तेव्हा हरी वळणाकडे बघत होता. पदर खाली आला. मृदंगवाल्याने हात थांबवला. बॅग माझ्या पायाशी होती; ती त्याच्याकडे न्यावी की तशीच ठेवावी, मला कळेना.

मग त्याने मान वर केली. इतका मोठा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दाराआडून चारशे वेळा आलेला तो आवाज आज पहिल्यांदा दाराबाहेर आला.

"गावकऱ्यांनो! देवीनं मला सोडला. तुम्ही सोडलात. आईनंसुद्धा सोडला. आज तुमच्यासमोर एक माणूस उभा आहे, ज्याला कुणी धरलेला नाही, आणि तरीही—"

पुढच्या रांगेतून सखू म्हणाली, "हरी, वाईच हळू बोल रे. हौसाचं पोर आत्ताच निजलंय."