एकाआड एक

नगरच्या त्या मिशन दवाखान्यात दोन डॉक्टरांचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. मुलाची आकडी बराच वेळ थांबेना, तर आधी काय द्यायचं? थोरले डॉक्टर शांतवन साळवे ल्युमिनलचं इंजेक्शन देत. हन्ना उजागरे गोड्या तेलात कालवलेलं पॅराल्डिहाइड नळीनं गुदद्वारातून सोडत. ल्युमिनलचा गुण यायला वेळ लागे, पण आला की टिके. पॅराल्डिहाइड लवकर चाले, त्याच्या उग्र वासानं खोली भरून जाई, आणि कधीकधी आकडी परत येई. दोघांकडे आपापली बरी झालेली मुलं होती आणि दोघं त्यांचेच दाखले देत.

शेवटी १९४२च्या सुरुवातीला हन्नाबाईंनीच तोडगा काढला. येईल त्या मुलाला एकाआड एक औषध द्यायचं, डॉक्टरानं निवडायचं नाही, आणि कुणाला कशानं गुण आला ते वहीत मांडायचं. साळवे हसले, पण कबूल झाले.

श्रावणात काष्टीची गोजरबाई सकाळच्या गाडीनं आली. कडेवर चार वर्षांची बनू, तापानं फणफणलेली. डोळे फिरलेले, डावा हात सारखा झटके देत होता. गाडीत बसल्यापासून आकडी थांबली नव्हती.

"पाळी कशाची?" हन्नाबाईंनी नर्स मरियाला विचारलं.

"ल्युमिनलची."

सुई दिसताच गोजरबाई पोरीवर आडवी झाली.

"सुई नगं, डाक्टरीनबाई. शिमग्यात त्या म्हाताऱ्या डाक्टरांनी टोचली हुती. दोन दिस मेल्यावानी पडली. सासू रडाया बसली हुती."

"पण आकडी थांबली ना?"

"थांबली. पन मला पोर हलताना दिसाया पायजे."

हन्नाबाई घुटमळल्या. नियम त्यांचाच होता. आता आपल्या आवडीचं औषध दिलं तर साळवे काय म्हणतील, हे त्यांना ठाऊक होतं. बनूचा हात झटके देतच होता. त्यांनी सिरिंज खाली ठेवली.

"मरिया, तेलातलं औषध आण."

थोड्याच वेळात हात सैल पडला. बनू कण्हली, कुशीवर वळली. गोजरबाई जमिनीवरच बसली. हन्नाबाईंना आपलं खरं झाल्याचा आनंद झाला, आणि तो झाल्याचं त्यांना आवडलं नाही. हिवताप दिसत होता, म्हणून क्विनाइन सुरू केलं.

दुपारी आकडी परत आली. या वेळी दोन्ही अंगांना. हन्नाबाईंनी स्वतः जाऊन साळव्यांना बोलावलं. त्यांनी सकाळी काय दिलं ते विचारून घेतलं. सकाळचं औषध अंगात असेल म्हणून त्यांनी ल्युमिनल कमीच भरलं. गोजरबाईनं भिंतीकडे तोंड केलं.

हळूहळू आकडी थांबली. मग श्वासही थांबला.

साळव्यांनी दोन्ही हातांनी बरगड्या दाबायला, सोडायला सुरुवात केली. हन्नाबाईंनी जबडा पुढे धरला. मरिया मोठ्यानं प्रार्थना करू लागली. तिला कुणी गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं बनूनं आपणहून एक श्वास घेतला, मग अडखळत दुसरा.

"दोन्ही औषधं मिळून जड झाली," साळवे घाम पुसत म्हणाले. "हिला कुणाच्या बाजूला धरायचं?"

"कुणाच्याच नाही. नियम मी मोडला."

"मीही मोडला असता," साळवे म्हणाले. "पण तुमच्यासमोर कबूल केलं नसतं."

बनू दुसऱ्या दिवशी दुपारी जागी झाली आणि तिनं भाकरी मागितली. डावा हात दुबळा राहिला होता. तोही आठवडाभरात सुधारला. निघताना गोजरबाईनं विचारलं, "पुन्यांदा आकडी आली तर काय द्याल?"

"आधी तुम्हाला विचारू, मागं कशानं काय झालं ते," हन्नाबाई म्हणाल्या.

लढाईमुळे दिवाळीनंतर ल्युमिनल येणंच बंद झालं. तुलना अर्धवट राहिली. साळवे पॅराल्डिहाइड वापरू लागले, वासाला नावं ठेवत. ल्युमिनलच बरं, हे मत मात्र त्यांनी सोडलं नाही.