कृष्णनाथचा मेमो

पेडण्याच्या त्या सरकारी कचेरीत प्रभावती मॅडमची बोलणी न खाल्लेला एकच माणूस होता, आणि त्याला त्याचंच दुःख होतं. हे ऐकून कुणीही म्हणेल, सुख टोचतं म्हणतात ते हेच. म्हणू दे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

हा माणूस म्हणजे नार्व्याचा कृष्णनाथ. बाराव्या वर्षी गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. कृष्णनाथ अंधांच्या शाळेत शिकला, मुंबईला जाऊन टेलिफोन ऑपरेटरचं सरकारी प्रशिक्षण घेऊन आला, इंग्रजी टायपिंग शिकला, आणि मग पणजीच्या रोजगार कार्यालयातल्या अपंगांच्या खास यादीत नाव घालून सात वर्षं वाट बघत बसला. शंभरात तीन जागा अपंगांना द्यायच्या असा नियम होता. नियम फायलीत सुखरूप होता, जागा कुठे होत्या ते देव जाणे. अखेर बत्तिसाव्या वर्षी पत्र आलं. तेव्हा कोकण रेल्वेसाठी जमिनी मोजायचं काम जोरात चाललं होतं, कचेरीत दिवसभर फोन खणखणायचे आणि बोर्डावर बसायला माणूस हवा होता. थोरला भाऊ यशवंत त्याला पेडण्यात भाड्याच्या खोलीवर पोचवून गेला. "आता सुटलंस बाबा तू," म्हणाला. नक्की कोण सुटला ते कृष्णनाथला जाणाऱ्या चपलांच्या आवाजावरूनच कळलं.

कचेरीत सगळे चांगले होते. इतके चांगले की जीव नकोसा व्हावा. तो दारात आला की गप्पा थांबत आणि कुणीतरी त्याचं कोपर धरी. जेवणाचा डबासुद्धा दुसरंच कुणी उघडून देई. टाइपरायटरला हात लावला की आवक-जावक सांभाळणारी मालती म्हणायची, "रावंदे हो बाब, आमी करतो." फोन घ्यायचा, जोडून द्यायचा, निरोप लक्षात ठेवून सांगायचा, एवढंच काय ते त्याचं काम, आणि तेवढं तो चोख करायचा. त्याच्याशी माणसासारखं बोलणारा एकटा दत्ताराम शिपाई. वय पन्नासच्या पुढे, तोंडात सदा विडा. तो सकाळी कृष्णनाथला खोलीवरून घेऊन यायचा, संध्याकाळी पोचवायचा, आणि वाटभर बाजारात कुठले मासे आले आणि कुणाची म्हैस व्याली ते सांगायचा.

प्रभावती मॅडम कचेरीच्या प्रमुख. बाई कामाला वाघ, पण तोंडाचा पट्टा सुटला की समोर कोण आहे ते बघायची नाही. रोज कुणाची ना कुणाची पाळी यायचीच. ज्याला बोलणी बसत तो तडक मागच्या व्हरांड्यात जायचा. पाठोपाठ बाकीचे जमायचे, दत्ताराम मॅडमची नक्कल करायचा आणि रडवेला होऊन आलेला माणूस पोट धरून हसत परत जागेवर जायचा. सगळ्या कचेरीची मैत्री काय ती त्या व्हरांड्यात. सुरुवातीला एकदा कृष्णनाथ भिंत चाचपत तिथे गेला होता. हसणं चिरल्यासारखं थांबलं. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी "बसा बाब" म्हटलं, आणि एकेक करून सगळे आत निघून गेले. मॅडम ज्याला कधी एक शब्द बोलत नाही, त्याच्यासमोर मॅडमची नक्कल कोण करणार? ज्याच्या घरात कुणी गेलं नाही त्याला कुणी सुतकात बसवत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दत्ताराम त्याला खोलीवर सोडून गेला की सोमवार सकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला कुणी नसे. घरमालकीण ताट ठेवून "जेवा" म्हणायची, तेवढंच. रविवारी कधीकधी तो खाटेवर बसून उगाच "हॅलो, पेडणे ऑफिस" म्हणून बघायचा. आवाज अजून आहे ना, एवढी खात्री करून घ्यायला.

आता मुद्द्याचं. त्या मंगळवारी पाळी मालतीची होती. एका पत्रावर तिने चुकीची तारीख घातली होती. कृष्णनाथच्या पाठीमागची खिडकी व्हरांड्याकडे उघडायची, आणि तिथे दत्ताराम नक्कल करत होता, "मालती, कॅलेंडर भिंतीवर कित्याक लावला गो? ओवाळूक?" तेवढ्यात फोन वाजला. पणजीहून निरोप होता. उद्याची रेल्वेच्या जमिनींची बैठक दुपारी तीनला नाही, सकाळी दहाला. "होय, सांगतो," म्हणून कृष्णनाथने फोन ठेवला, आणि त्याच क्षणी व्हरांड्यात हशा फुटला. त्याने कान खिडकीकडे लावला. ओवाळण्याचं ऐकून तोही हसला, एकटाच, बोर्डाकडे तोंड करून. त्या हसण्यात निरोप वाहून गेला.

बुधवारी मॅडम आरामात जेवून निघाल्या. पणजीला पोचल्या तेव्हा खुर्च्या उचलत होते. वरच्या साहेबांनी चाळीस माणसांसमोर काय सुनावायचं ते आधीच सुनावलं होतं, आणि त्या आल्यावर पुन्हा सुनावलं.

गुरुवारी फाटकापासूनच त्यांचा आवाज सुरू झाला. "दहा वाजताची बैठक! निरोप कुणी घेतला?" ते दहा ऐकलं आणि कृष्णनाथला मंगळवारचा निरोप आठवला. तो उठून उभा राहिला. पण त्याने तोंड उघडायच्या आत दत्ताराम पुढे झाला.

"मॅडम, फोन मी घेतलंय. कृष्णनाथ तेवा हात धुवूक गेल्लो. माज्या धेनात रवलां ना."

मग काय विचारता! दत्तारामच्या नावावर आधीच दोन मेमो होते, उशिरा येण्याचे. "हा तिसरा," मॅडम म्हणाल्या, "आणि याच्यानंतर काणकोणला बदली." पेडणे गोव्याच्या या टोकाला, काणकोण त्या टोकाला, आणि दत्तारामच्या घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली.

मॅडम आत गेल्यावर कृष्णनाथने दत्तारामचा हात घट्ट धरला. "भाऊ, चूक माझी होती."

"तू गप रव. तुजी नोकरी अजून कच्ची. दोन आठवड्यांनी पक्की जातली, मगे बोल."

"पण माझी चूक तुझ्या माथ्यावर कशाला?"

"अरे, तुका दिसना," दत्ताराम मायेने म्हणाला, "तुजी कसली चूक?"

अगदी मायेने म्हणाला तो. आणि तेच कृष्णनाथच्या काळजाला लागलं. फोन ऐकायला डोळे कधीपासून लागायला लागले? जे एक काम आपण डोळ्यांवाल्यांइतकं करतो असं तो समजत होता, त्यातही त्याची चूक धरायला कुणी तयार नव्हतं.

खोटं कशाला सांगू, दुपारपर्यंत तो गप्पच राहिला. नोकरी गेली तर नार्व्याला परत. वहिनी केर काढायला आली की "भावजी, जरा उठा" म्हणणार, आणि त्याने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं. अशी वर्षं त्याने काढली होती. पण काणकोण, काणकोण हा शब्द काही डोक्यातून जाईना. तीन वाजता तो उठला आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

"या कृष्णनाथ, बसा," मॅडमचा आवाज लोण्यासारखा झाला. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मला ठाऊक आहे हो. निरोप दिला त्या माणसाला मी विचारलं. म्हणाला, तुमच्या ऑपरेटरने घेतला."

"मग दत्तारामला मेमो?"

"मग काय तुम्हाला देऊ? आंधळ्या माणसाला मेमो दिला म्हणून लोक मला फाडून खातील. आणि वरून दर तीन महिन्यांनी विचारतात, अपंगांपैकी किती माणसं घेतली, किती टिकली. तुम्ही टिकलेले बरे. जा, मनाला लावून घेऊ नका."

"मॅडम, त्याची आई आजारी आहे."

"बघू त्याचं. जा तुम्ही."

म्हणजे रागावण्याइतकीसुद्धा आपली किंमत नाही, हे तिथे त्याला लख्ख कळलं. तो बाहेर आला आणि टाइपरायटरपाशी जाऊन बसला. मालती "बाब, बाब" म्हणत धावली, पण या वेळी त्याने ऐकलं नाही. इंग्रजीत पाच ओळी त्याने टाइप केल्या. मंगळवारचा निरोप मी घेतला, माझं लक्ष दुसरीकडे होतं, सांगायला मी विसरलो, दत्तारामचा यात संबंध नाही, योग्य ती कारवाई व्हावी. लक्ष कुठे होतं ते मात्र त्याने लिहिलं नाही. व्हरांडा त्याला उघडा पाडायचा नव्हता.

"हे आवकीला घाल," त्याने मालतीला सांगितलं.

"बाब, तुमका पिसां लागला काय?"

"घाल म्हणतो ना. नंबर टाक."

सरकारी कचेरीत तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, पण एकदा कागद आवक रजिस्टरात चढला की ब्रह्मदेवालाही त्याचं काहीतरी करावं लागतं. मालतीने नंबर टाकला आणि शिक्का मारला.

शुक्रवारी सकाळी मॅडमने त्याला बोलावलं. बसा म्हटलं नाही.

"कोण समजता तुम्ही स्वतःला? चाळीस माणसांत माझी लाज गेली ती तुमच्यामुळे, आणि वर कागद घालून मलाच पेचात धरता? साधा निरोप सांभाळता येत नाही? डोळे नाहीत, कान तर आहेत ना? मग त्या वेळी कान कुठे गहाण ठेवले होते?"

सगळ्या कचेरीला ऐकू जात होतं. किती महिने ज्याची आस धरली ते आज मिळत होतं. तो समजत होता की गोड लागेल. कसलं गोड! कानांच्या पाळ्या भाजल्या, रडू आलं ते त्याने दात आवळून गिळलं. मग मॅडमने दत्तारामला आत ओढलं. त्याचा मेमो फाडला आणि खोटं बोलल्याबद्दल पुन्हा पंधरा मिनिटं त्याची सालटी काढली. काणकोण टळलं, एवढं मात्र झालं.

कृष्णनाथ रिवाजाप्रमाणे व्हरांड्यात गेला. आपल्यालाही आता हक्क आहे, असं त्याला वाटलं. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कुणी आलं नाही. आत फायली उलटल्याचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी तो आपल्या बोर्डावर परत गेला.

तीन वाजता दत्ताराम आला. त्याने शिपाईबुक समोर आपटलं, कृष्णनाथचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं आणि सही झाल्यावर हातात एक कागद कोंबला. मेमो होता.

"भाऊ, वाचून दाखव."

"मी वाचते, बाब," मालती पलीकडून म्हणाली. पण मालतीने कडू शब्द गाळले असते.

"नको. भाऊलाच वाचू दे."

दत्तारामने एकेक इंग्रजी शब्द अडखळत वाचला आणि मग आपल्या बोलीत सांगितला. कामात हयगय. बैठक चुकली. नोकरी पक्की व्हायची ती सहा महिने पुढे ढकलली. तीन दिवसांत लेखी जबाब द्यायचा, नाहीतर घरी. एकही शब्द त्याने मऊ केला नाही.

"भाऊ, तू रागावलास?"

"मगे? पन्नास वर्सांच्या माणसाक सगळ्यांमुखार खोटो पाडलंस. मी तुज्यासाटी मान दिली, आनी तू ती लाथाडलंस." तो दारापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "तुज्यार रागावू नये असो तू कोण देव लागून गेलंस?"

पाच वाजले. माणसं उठली, छत्र्या उचलल्या गेल्या, पायऱ्यांवर चपला वाजल्या. सव्वापाचपर्यंत कृष्णनाथने दत्तारामची वाट बघितली. मग मेमो खिशात ठेवून तो काठी टेकत निघाला. रस्ता पावलांना पाठ होता, पण सोबत बोलणारं कुणी नसल्यामुळे तो दुप्पट लांब वाटला. शुक्रवार होता, म्हणजे सोमवारपर्यंत आता कुणी बोलणार नव्हतं, आणि सोमवारीही बोलेल याची खात्री नव्हती. याआधीही त्याच्याशी कुणी बोलत नसे, पण तेव्हा त्याचा काही गुन्हा नव्हता. आज त्याने चूक केली होती, एका माणसाला दुखावलं होतं, आणि तो माणूस त्याच्यावर रागावला होता, डोळस माणसावर रागावावं तसाच.