मागचा भार

"उडी मार, लुसिल! मार उडी!" आर्व्हिन ओरडला. गवताचा गोल गठ्ठा पुढच्या काट्यांवर उचलला गेला आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडून वर आली. त्याने घाईघाईने गठ्ठा खाली सोडला. चाकं दाणकन आदळली. मागच्या लोखंडी पेटीत उभी असलेली त्याची बायको कठडा धरून तशीच होती.

"उडी मारायला मी काय अठरा वर्षांची आहे?" लुसिल म्हणाली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

पुढे गठ्ठा उचलायचा तर मागे भार हवाच. व्हरमाँटच्या त्या उतारांवरची शहाणी माणसं पेटीत दगड भरत. आर्व्हिन मात्र लग्न झाल्यापासून बायकोला उभं करायचा. "दगड रस्ता दाखवत नाहीत," असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती "मेल्या!" म्हणून हसायची. आज मात्र त्याने तिला खाली उतरायला लावलं. या ट्रॅक्टरवर तिला पुन्हा चढवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

दुपारी ट्रॅक्टर विकणारा ड्वेन नवा मोठा ट्रॅक्टर घेऊन आला.

"जुन्यात आता दम नाही," आर्व्हिन म्हणाला. "हाच ठेवून जा."

"आणि हा धटिंगण मॅपलच्या झाडांमधून जाणार कसा?" लुसिल कडाडली. "पाकासाठी रस काढायला काय खांद्यावर पिंपं वाहणार आहेस?"

"दोन झाडं पाडीन."

"हात तर लावून बघ!"

ड्वेन जुन्या ट्रॅक्टरभोवती फिरला. विकायला आलेला असूनही माणूस सरळ होता. "यंत्र ठणठणीत आहे. गठ्ठे ओले बांधलेत का?"

"खडखडीत वाळलेले. दरवर्षी असतात तेवढ्याच वजनाचे."

"मागे काय होतं?"

"लुसिल. नेहमी तीच असते."

"मग तिचाच भार कमी पडला म्हणायचा!" ड्वेन हसला. दुसरं कोणीच हसलं नाही.

आर्व्हिनने बायकोकडे पाहिलं. एवढ्या उन्हात ती त्याचा जाड कोट घालून उभी होती. कोट महिनाभर तिच्या अंगावर होता आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"कधीपासून?"

"वसंतापासून अन्न जात नाही रे," ती मान खाली घालून म्हणाली. "म्हटलं, गवत आवरू दे. मग दाखवू डॉक्टरला."

यंत्राचा बारीकसा खडखडाटही त्याच्या कानाला कळायचा. जेवणाच्या टेबलावर रोज समोर बसणारं माणूस झिजत होतं ते कळलं नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ठेवून जाऊ का?" ड्वेनने हळूच विचारलं.

"घेऊन जा. आम्ही इस्पितळात निघालोय."

"अरे, पण संध्याकाळी पाऊस आहे!" लुसिल म्हणाली. "अख्खं गवत बाहेर पडलंय!"

"भिजू दे."

त्याच्या तोंडून असं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं. ती गाडीपाशी गेली. पायरी उंच होती. त्याने तिला कमरेत धरून उचललं आणि आत बसवलं. त्याला मुळीच जोर लावावा लागला नाही.