आवाजाची चाळणी

रऊफने फोन घाईघाईने बंद केला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून उशीखाली सारला. पुस्तकाचं नाव सांगून झालं होतं, लेखकाचंही, आणि मग तो आवाज म्हणाला होता, "वाचलंय एका भल्या माणसानं." ते भलं माणूस म्हणजे त्याची बायको, इन्शिराह. तिला जाऊन आता दुसरा हिवाळा लागला होता.

खाली रस्त्यावरून ट्राम घरघरत गेली. ती पुरती दूर जाईपर्यंत तो उशीवर तळहात दाबून बसला. मग उठला, चाचपडत बेसिनपर्यंत गेला आणि तोंडावर पाणी मारलं.

रऊफ मुलांच्या शाळेत इतिहास शिकवायचा. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा पेन्शनीला बरीच वर्षं बाकी होती आणि घर पुस्तकांनी भरलेलं होतं. इन्शिराहने धीर धरा वगैरे काही म्हटलं नाही. रोज जेवण झालं की ती त्याच्या कपाटातलं एक पुस्तक काढायची आणि मोठ्याने वाचायला बसायची. पुढे मदाम अफकारला हे कळलं. ही बाई अंधांसाठी फोनवर ऐकायची पुस्तकं तयार करायची. "एका नवऱ्यासाठी घसा कोरडा करतेस, तेवढ्याच कष्टात साऱ्या अलेक्झांड्रियाचं भलं होईल," असं म्हणून तिने इन्शिराहच्या हातात माईक ठेवला. तेव्हापासून इन्शिराह जेवणाच्या टेबलाशी बसून, समुद्राचा वारा हवा म्हणून खिडकी उघडी ठेवून, माईकसमोर वाचायची.

मदाम अफकारची एक शिस्त होती. दान करणाऱ्याने आपलं नाव सांगायचं नाही. न्यायाधीश असो, डॉक्टर असो की घरी बसणारी बाई, प्रत्येकाने सुरुवातीला तेच एक वाक्य म्हणायचं आणि वाचायला लागायचं. घरच्यांनीही बाहेर बोलायचं नाही. रऊफने हे इतक्या निष्ठेने पाळलं होतं की रोजच्या कॅफेतल्या मित्रांनाही त्याची बायको वाचते याचा पत्ता नव्हता.

मदामच्या या पुस्तकांच्या अ‍ॅपमध्ये विषय निवडता येत होता, लेखक निवडता येत होता, पुस्तक किती लांबीचं हवं तेही सांगता येत होतं. आवाज कोणाचा हे मात्र पुस्तक उघडल्याशिवाय कळत नव्हतं. रऊफला लागायचा इतिहास, आणि इतिहासाची निम्मीअधिक पुस्तकं इन्शिराहची, कारण ती त्याच्याच कपाटातली. जिथे हात घालावा तिथे ती. असं होऊन होऊन त्याने वाचणंच सोडून दिलं होतं. आता दिवसभर तो रेडिओवर टोमॅटोचे भाव ऐकायचा आणि हरलेल्या फुटबॉल संघांची कारणं. वाचनावाचून तो आतून वाळत चालला होता, आणि हे त्याला स्वतःला चांगलं समजत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने काठी घेतली आणि मदाम अफकारच्या कार्यालयाचा जिना चढला.

"उस्ताज रऊफ! वाट चुकलात का?" मदाम अफकार उठून आली. मास्तरकीमुळे त्याला सगळे उस्ताजच म्हणायचे. "बसा. शेरवेत, उस्ताजांना चहा सांग. ही आमची इंजिनियर. अ‍ॅपचं सगळं हीच बघते."

"मग हिच्याकडेच काम आहे," रऊफ म्हणाला. "पोरी, तुझ्या अ‍ॅपला चाळण्या आहेत, पण त्यांची भोकं फार मोठी. आवाजाची चाळणी पाहिजे. कोण वाचतंय ते आधी कळायला हवं."

"सगळ्यांची हीच मागणी आहे, उस्ताज," शेरवेत म्हणाली. आवाज तरुण होता आणि सर्दी झालेला. "आडनावाच्या पहिल्या अक्षराने तरी—"

"नाव नाही म्हणजे नाही," मदाम अफकारने मध्येच तोडलं. "नाव आलं की उद्या मिरवणं आलं. मी मेल्यावर करा काय करायचं ते." मग ती थांबली. चहाचा पेला त्याच्या हाताशी सरकवताना तिचा आवाज खाली आला. "उस्ताज, तुम्हाला तिचा आवाज हवाय. हो ना?"

रऊफने पेल्याची कड बोटाने चाचपली. इन्शिराहच्या शेवटच्या आजारपणात याच बाईने रोज घरी डबा पोहोचवला होता. तिच्या समोर बसून, मला माझ्या बायकोचा आवाज नकोय, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"बघा, जमलं तर," तो म्हणाला आणि चहा संपवून घरी आला.

आठवड्याने शेरवेतचा फोन आला. "या उस्ताज, तुमचं काम झालं." तो इस्त्रीचा कोट घालून गेला. मदाम अफकारने बसबूसा, रव्याची मिठाई, आणला होता. गोड, तुपकट वास खोलीभर दरवळत होता. दोघी त्याच्या दोन बाजूंना बसल्या.

"आम्ही दोघींनी मिळून शोधलं," शेरवेत उत्साहाने म्हणाली. "मदामनी एकेक पुस्तक ऐकलं. जेवढी इन्शिराहबाईंची आहेत तेवढी सगळी एका ठिकाणी आणली. तुमच्या फोनवर आता एकच बटण. बघा."

आणि मोठ्या स्पीकरवर, खोलीच्या चारी भिंतींतून, इन्शिराह बोलायला लागली.

रऊफ उभा राहिला. बशी खाली पडली. "माफ करा," एवढंच तो म्हणाला. काठी न घेताच तो दाराकडे गेला आणि चौकटीवर खांदा आपटून घेतला. आत मदाम अफकार रडत म्हणत होती, "राहू दे पोरी, माणसाला भरून येतं."

शेरवेतने त्याला जिन्यात गाठलं. तिने काठी त्याच्या हातात दिली आणि शेजारी उभी राहिली. तिचं नाक सुरसुरत होतं, ते सर्दीने की आणखी कशाने, कळत नव्हतं.

"पोरी, तुम्ही उलटं समजलात," रऊफ अखेर म्हणाला. "चूक माझी. मी धड बोललो नाही. मला ती एका जागी नकोय. मला ती वगळायचीय. पुस्तक उघडलं की ती असेल का, या धास्तीने मी पुस्तक उघडत नाही. मला वाचायचंय गं. दुसऱ्या कोणाच्याही तोंडून, पण वाचायचंय."

"अरे देवा," शेरवेत म्हणाली. "आणि आम्ही वर बसबूसा आणला."

रऊफला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, त्यामुळे ते त्याचं त्यालाच ऐकायला विचित्र वाटलं.

"मदामला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण नावांशिवाय चाळणी कशी लावू, ते तुम्ही सांगा. यंत्राला काहीतरी पकडायला लागतं."

"ऐकणाऱ्यांना विचार," रऊफ म्हणाला. "शाळेत पोरं मास्तरांना खऱ्या नावाने ओळखत नाहीत. आम्ही तरी कुठे वेगळे?"

शेरवेतने ते मनावर घेतलं. पुढचा महिनाभर ती सदस्यांना फोन करत होती, आणि असं निघालं की सगळ्या आवाजांना अंधांनी कधीचीच टोपणनावं पाडली होती, आणि सगळीकडे जवळपास तीच. एक होता 'घाईवाला', ज्याला पुस्तक संपवून कुठेतरी गाडी पकडायची असावी. एक 'वेलची', जिचं बोलणं गोड होतं. एक 'वकील', जो तळटीपासुद्धा सोडत नसे. मदाम अफकार स्वतः वाचायची, आणि तिला लोक 'हेडमास्तरीण' म्हणत होते. हे कळल्यावर ती आधी रागावली, मग पोट धरून हसली.

"टोपणनावात दान उघड होत नाही," शेरवेतने तिच्यापुढे मांडलं. "कोण ते कोणालाच कळत नाही."

"हेडमास्तरीण कोण ते साऱ्या शहराला कळेल," मदाम म्हणाली, पण तिने हो म्हटलं.

अ‍ॅप नवं झालं त्या सकाळी रऊफ खिडकीशी बसला. फोन एकेक आवाज वाचून दाखवत होता आणि प्रत्येकापुढे तीन पर्याय सांगत होता: हवा, नको, कोणताही. घाईवाला. वेलची. वकील. हेडमास्तरीण. मग फोन म्हणाला, "ट्रामवाली."

त्याचं बोट जागीच थांबलं. हे नाव कोणाचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. ट्राम आली की इन्शिराह वाचायची थांबायची, आणि ट्राम गेली की ते वाक्य पहिल्यापासून घ्यायची. तो शेजारच्या खोलीत बसून चिडायचा, वाक्य दोनदा कशाला म्हणून. शहरभरचे अनोळखी लोक तिला त्यावरून ओळखत होते, प्रेमाने तिला हे नाव देऊन बसले होते, आणि त्याला त्याचा गंधही नव्हता.

बराच वेळ गेला. मग त्याने 'नको'वर बोट टेकवलं.

त्या हिवाळ्यात रऊफ पुन्हा वाचायला लागला. वकिलाच्या तोंडून जुन्या बंदरांच्या जकातीचा इतिहास ऐकला, तळटीपांसकट. घाईवाल्याने त्याला एका संध्याकाळीत अर्धं साम्राज्य बुडवून दाखवलं. तो पुस्तक बेधडक उघडायचा, आणि उघडताना हात आखडत नाही हेच त्याला मोठं सुख वाटायचं. तो दाढी वेळेवर करू लागला. कॅफेतही रोज जाऊ लागला.

कॅफेत त्याचा जोडीदार होता बिशारा. बिशारा जन्मांध, जिभेने तिखट आणि डॉमिनोत लबाड. दोघे सोंगट्यांचे ठिपके बोटांनी वाचत खेळायचे.

"नवी चाळणी लावलीस का रे?" बिशाराने विचारलं. "मी तर ट्रामवालीला 'हवा' करून ठेवलंय. दुसरं काही ऐकतच नाही. पण मेलं, नवीन काही येतच नाही तिचं. लग्न होऊन कुवेतला गेली बहुतेक."

रऊफने एक सोंगटी लावली. "एवढं काय आहे तिच्यात?"

"तू ऐकलं नाहीस? अरे, ते स्पेनमधल्या अंदालुसियाचं पुस्तक! गोष्ट ऐन रंगात आलीय, राजा शहराच्या किल्ल्या देऊन चाललाय, आणि मागून एक माणूस ओरडतो, 'साखर कुठे ठेवलीस?' आणि ही बाई, राजाच्याच सुरात, जराही न थांबता म्हणते, 'जिथे रोज असते तिथे.' आणि राजा निघाला पुढे!" बिशारा हसता हसता खोकला. "मी ते पुस्तक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा ऐकतो. माझी बहीण ऐकते. आम्हा सगळ्यांना एकच काळजी, त्या गाढवाला साखर सापडली का?"

रऊफची बोटं सोंगटीवरचे ठिपके पुन्हा पुन्हा मोजत होती. शेजारच्या टेबलावर कोणीतरी पेल्यात चमचा ढवळत होतं.

"सापडली," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"ते गाढव मीच."

बिशाराचा हात टेबलावर तसाच राहिला. रऊफची बायको गेली, हे त्याला माहीत होतं. अंत्ययात्रेत तो त्याच्या कोपराला धरून चालला होता. आता त्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींपाशी येऊन पोहोचत होत्या, आणि रऊफला ते त्याच्या श्वासावरून ऐकू येत होतं.

"कुठे होती मग?" बिशाराने हळू आवाजात विचारलं.

"जिथे रोज असते तिथे," रऊफ म्हणाला.

बिशाराने टेबलावरून हात पुढे केला, त्याचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "देव तिला सुखात ठेवो," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं. "चल. डाव तुझा आहे. आणि मघाशी मी एक सोंगटी चोरली होती, ती घे परत."

घरी आल्यावर रऊफने कोट खुंटीला लावला, चहा टाकला आणि साखरेचा डबा काढला. तो जिथे रोज असायचा तिथेच होता. पेला घेऊन तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि खिडकी उघडली. समुद्राकडून गार वारा आला.

फोनवर त्याने आवाजांची यादी उघडली. ट्रामवालीपाशी आल्यावर फोन म्हणाला, "नको." त्याने बोट सरकवलं. फोन म्हणाला, "हवा." तिथे तो थोडा रेंगाळला. तिला बोलावून आणायचं नव्हतं, आणि दाराबाहेर उभंही ठेवायचं नव्हतं. त्याने बोट आणखी एकदा सरकवलं.

"कोणताही," फोन म्हणाला.

मग त्याने इतिहास निवडला, कोणतं पुस्तक ते न ऐकता एकावर बोट टेकवलं, आणि पेला दोन्ही हातांत धरून वाट पाहू लागला. आधी नुसती खरखर आली. मग लांबून एक ट्राम येऊ लागली. ती खिडकीखालची होती की पुस्तकातली, ते त्याला कळेना. त्याने पेला खाली ठेवला आणि फोनचा आवाज वाढवला.