ट्रूडेबाईंचं अंगण

शनिवारी अंगण झाडून ठेवायची गावाची रीत; रविवार उलटला तरी ट्रूडेबाईंच्या अंगणातली अक्रोडाची पानं तशीच पडलेली, म्हणून शेजारचा विनफ्रीड भांडायच्या तयारीनंच आत शिरला. बाई झाडाखाली आडव्या होत्या. हातात दाताळं, अंग थंडगार.

तो फोन करायला वळला आणि थबकला. आता सगळं गाव जमणार, आणि असलं अंगण बघणार! बाई लाजेनं पुन्हा मेल्या असत्या.

त्यानं हलकेच दाताळं सोडवून घेतलं. पानांचा ढीग लावला, अक्रोड टोपलीत भरले आणि मगच डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी बाईंना तपासलं, दोघांनी मिळून उचलून बाकावर ठेवलं. बाई पडल्या होत्या तिथे तेवढी पानं राहिली होती, बाईंच्या मापाची. विनफ्रीड ओशाळला.

डॉक्टरांनी फाटकाकडे नजर टाकली. "आवरा लवकर," ते म्हणाले, "लोक यायला लागलेत."