एक नोव्हेंबरचा तास

उद्या दहा वाजता वेंडल क्रूपा गुन्हा कबूल करणार होता. आधी गुन्हा कसा घडला ते सरकारी वकिलाने वाचून दाखवायचं, मग न्यायाधीश आरोपीला विचारणार, असंच घडलं ना? फेडरल कोर्टाची ही रीत सरकारी वकील डोरीन वोझ्निकने बावीस वर्षं पाळली होती. चोर कधी परदेशातला, कधी पलीकडच्या गल्लीतला, पण सगळे कॉम्प्युटरवाले खटले तिच्याच गळ्यात. आता तिला त्यांचा वीट आला होता.

दुपारी गार पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, चघळत ती उद्याचं निवेदन वाचत होती. वेंडल हॉस्पिटलमधून काढून टाकलेला तंत्रज्ञ. त्याच्या जुन्या पासवर्डने कुणीतरी आत शिरून सगळी यंत्रणा कुलूपबंद केली. शुक्रवार, एक नोव्हेंबर, दुपारी एक चाळीस. वेंडल पहिल्यापासून एकच सांगत होता: दोनपर्यंत घरी एकटा होतो, मग आईला डायलिसिसला नेलं, सहापर्यंत तिथेच बसलो. तिथल्या वहीत सव्वादोनची त्याची सही होती. ती खरीही होती, पण हल्ला दोनच्या आधीचा, त्यामुळे सहीचा काही उपयोग झाला नाही.

सर्व्हर ग्रीनिचची वेळ ठेवतो. त्यात नोंद होती १८:४०. हिवाळ्यात पाच तास वजा करायचे, उन्हाळ्यात चार. 'नोव्हेंबर ते मार्च: पाच' असं कार्ड डोरीनने स्वतः करून खणात चिकटवलं होतं. नव्या तपासनिसांना ती तेच दाखवून शिकवायची, पण खटल्यातला हिशेब मात्र दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

पण हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतात ती नोव्हेंबरच्या एक तारखेला नाही, पहिल्या रविवारी. त्या वर्षी तो रविवार तीन तारखेला होता.

तिने पुन्हा वजाबाकी केली. दोन चाळीस. त्या वेळी वेंडल आईच्या खुर्चीशेजारी बसला होता.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. खटला हरलो तर दहा वर्षं, या भीतीने वेंडल दोन वर्षांची शिक्षा पत्करायला तयार झाला होता. डोरीनला भयंकर लाज वाटली. तिने बचावाचा वकील लिओन हॅचर याला फोन लावला.

"उद्या तुझ्या माणसाला काही कबूल करू देऊ नकोस."

"का? आणखी एखादं कलम सापडलं वाटतं?"

"नाही. वेळ चुकली आहे. चूक माझी."

तिने सगळं सांगितलं. मग लिओन म्हणाला, "आठ महिने आत आहे तो. मार्चमध्ये त्याची आई गेली. बेड्या घालून अर्धा तास अंत्यविधीला नेला होता."

"माहीत आहे. 'अर्ध्या तासाला हरकत नाही' या कागदावर सही माझीच होती."

तिच्या साहेबांनी खटला मागे घ्यायला होकार दिला आणि बोभाटा नको, एवढंच सुचवलं. एकदाच चुकलं ना, असंही म्हणाले. डोरीनने मान डोलावली नाही.

दप्तर सांभाळणाऱ्या बर्निसला तिने जुने खटले काढायला सांगितलं. घड्याळं मार्चमध्येही महिन्याच्या मधेच पुढे जातात, म्हणून मार्चमधले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले, कार्ड केलं तेव्हापासूनचे सगळे.

तासाभराने बर्निस हातगाडी ढकलत आली. "नऊ निघाले. आठजण सुटून गेलेत मॅडम, शिक्षा भोगून."

"आणि नववा?"

"अजून आत आहे."

डोरीनने ती फाइल आधी उघडली. तारीख होती दोन नोव्हेंबर, शनिवार.